मशीन की फ्री वेट? आधी सेट कुठे अडतो ते पाहा

जिम लावल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतंच: "साइज पाहिजे तर रॉड-डंबेल मार, मशीन कटिंगला असतात." हे साफ चूक आहे. कटिंग म्हणजे कातडीखालची चरबी उतरणं, आणि ती खाण्याच्या हिशेबाने उतरते. वजन रॉडवर चढवलंय की दोरीला टांगलंय, हे स्नायूला कळत नाही. त्याला कळतो तो ताण: किती होता, किती वेळा आला आणि सेट (न थांबता केलेली एक फेरी) संपताना तो खरोखर दमला होता का.

मशीनवर आणि फ्री वेटवर (सुट्या रॉड-डंबेलवर) सारखीच मेहनत घेणाऱ्यांची तुलना करणारे अभ्यास एकत्र मांडले, तर स्नायूच्या वाढीत सांगण्याजोगा फरक दिसत नाही. ताकदीत मात्र फरक दिसतो. ज्या साधनावर सराव केला त्या साधनावरची ताकद जास्त वाढते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट रॉडवरच मारावे लागतात, त्याला पर्याय नाही. पण छाती, पाठ, मांड्या भरायच्या असतील तर "मशीन की फ्री वेट" हा प्रश्न सगळ्या शरीरासाठी एकदाच विचारून भागत नाही. तो प्रत्येक व्यायामाला वेगळा विचारावा लागतो.

सेट कशामुळे अडला?

एक अवघड सेट मारा, शेवटच्या रेप्सपर्यंत (रेप म्हणजे एक उचल). रॉड ठेवल्यावर लगेच ठरवा की पुढची रेप कशामुळे निघाली नसती. ज्या स्नायूसाठी व्यायाम होता तोच दमला असेल तर साधन बरोबर आहे. दुसरंच काही आधी दमलं असेल तर तो सेट त्या दुसऱ्या गोष्टीचा झाला.

वाकून केलेल्या बारबेल रोमध्ये (रॉड पोटाकडे ओढताना) हे नेहमी दिसतं. पाठीच्या पंखांमध्ये अजून चार रेप्स शिल्लक असतात, पण कंबर इतका वेळ वाकून राहू शकत नाही, म्हणून माणूस हळूहळू सरळ होत जातो आणि रोचं रूपांतर खांदे उडवण्यात होतं. हाच रो छातीला टेकू असलेल्या मशीनवर मारला की कंबर हिशेबातून बाहेर जाते आणि पाठ शेवटपर्यंत काम करते. रोमानियन डेडलिफ्टमध्ये (गुडघे जवळजवळ न हलवता रॉड घेऊन पुढे झुकताना) मांडीच्या मागच्या भागाआधी मूठ सुटते, तिथे मशीनकडे पळायची गरज नाही. मनगटाला स्ट्रॅप गुंडाळा, काम झालं. बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉटमध्ये (मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक) तोल जातो, तर एका हाताने रॅकचा खांब धरा आणि डंबेल दुसऱ्या हातात घ्या. जड डंबेल प्रेसमध्ये अडचण बऱ्याचदा उचलण्याआधीच येते, कारण २५-३० किलोची जोडी मांडीवरून खांद्यापर्यंत आणतानाच निम्मा जोर संपतो.

मशीनवरही सेट चुकीच्या जागी अडतो. चेस्ट प्रेसची सीट फार खाली असेल तर हँडल खांद्याच्या रेषेत येतात आणि छातीआधी खांद्याचा पुढचा भाग भरून येतो. लेग प्रेसवर (पायांनी वजनाची गाडी ढकलायचं मशीन) गाडी फार खाली आणली की कंबर गादीवरून सुटते आणि सेट कंबरेच्या भीतीने थांबतो. मशीन आपोआप योग्य स्नायूवर काम करतं ही समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे. सीट बसवली तरच ते होतं.

फ्री वेटचा खरा फायदा कुठे

स्टॅबिलायझर (शरीर स्थिर धरणारे) स्नायू, तोल वगैरे गोष्टी फ्री वेटच्या बाजूने नेहमी सांगितल्या जातात. त्या खोट्या नाहीत, पण आकार वाढवण्यात त्यांचा वाटा सांगितला जातो तेवढा नसतो. फ्री वेटचे खरे फायदे अधिक साधे आहेत.

पहिला म्हणजे रॉडवर वजन बारीक वाढवता येतं. रॉडच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावली की अडीच किलो वाढतात. ५० किलोच्या बेंच प्रेसवर ही वाढ पाच टक्के झाली. मशीनच्या स्टॅकमध्ये (एकावर एक रचलेल्या वजनांत) साधारण पाच-पाच किलोच्या विटा असतात. २० वरून २५ वर जाणं म्हणजे एकदम २५ टक्के. डंबेलचंही असंच आहे: १० किलोच्या जोडीवरून साडेबारावर जाणं हीसुद्धा २५ टक्क्यांची उडी, म्हणून हलक्या डंबेलवर लोक महिनोन्महिने अडकून पडतात.

दुसरा, रॉड कुणाच्याही उंचीला बसतो. बरीच मशीन मधल्या बांध्याच्या पुरुषाला धरून बनवलेली असतात. पाच फूट उंचीच्या बाईला पेक डेकची (बसून दोन्ही हात छातीसमोर जवळ आणायचं मशीन) सीट सगळ्यात वर नेऊनही हँडल डोळ्यांसमोर येतात. सहा फुटांच्या माणसाचा गुडघा लेग एक्स्टेन्शनच्या गादीबाहेर येतो. सीट कुठेच बसत नसेल तर ते मशीन सोडून द्या. त्यासाठी सांध्याला त्रास देण्यात अर्थ नाही.

तिसरा, स्क्वॉट आणि रोमानियन डेडलिफ्ट स्नायू लांबलेला असतानाच सर्वात जड लागतात. वजन सरळ खाली ओढत असतं, आणि सांध्यापासून ते आडव्या अंतरात जितकं लांब तितका सांध्यावरचा भार जास्त. खाली वाकल्यावर नितंब आणि मांडीची मागची बाजू ताणलेली असतात आणि त्याच वेळी हे अंतर सर्वात जास्त असतं. लांबलेल्या अवस्थेत भार मिळालेला स्नायू चांगला वाढतो, हे अलीकडच्या बऱ्याच प्रयोगांमध्ये दिसलं आहे.

ज्यांनी तालमीत जोर-बैठका काढल्या आहेत त्यांना फ्री वेटची मर्यादाही लवकर उमगेल. जोर हासुद्धा वजनाचाच व्यायाम आहे, वजन स्वतःच्या शरीराचं. अडचण एवढीच की ते पायरीपायरीने वाढवता येत नाही. मग रेप्स वाढतात, पन्नासाच्या शंभर होतात आणि दम वाढतो. स्नायूसाठी साधारण ५ ते ३० रेप्समध्ये सेट संपेल एवढं वजन लागतं. त्या मर्यादेत सेट शेवटाजवळ नेला तर कमी-जास्त रेप्सनी वाढीत फारसा फरक पडत नाही.

मशीनशिवाय जिथे भागत नाही

अमेरिकेत आर्थर जोन्सने १९७०च्या सुमारास नॉटिलस मशीन विकायला आणली. त्यांतली मुख्य युक्ती म्हणजे गोल पुलीऐवजी बाकदार, शंखासारखी चकती. साखळी त्या चकतीवरून फिरताना तिची त्रिज्या बदलते, म्हणून हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर भार बदलत जातो. आजच्या लेग एक्स्टेन्शन किंवा बायसेप्स मशीनच्या बाजूला पाहिलंत तर हीच चकती दिसेल. डंबेलमध्ये ही सोय नाही. झोपून डंबेल फ्लाय (पसरलेले हात छातीवर जवळ आणणं) मारताना हात वर सरळ आले की वजन थेट सांध्यावर उभं राहतं आणि छातीवर भार जवळजवळ शून्य होतो. पेक डेक किंवा केबलवर तो टिकून राहतो. खांद्याच्या बाजूच्या भागासाठी डंबेल लॅटरल (हात बाजूला उचलणं) मारताना हात मांडीशी असतो तेव्हा भार नसतोच. केबलची पुली मनगटाच्या उंचीला लावली की सुरुवातीपासून ओढ लागते.

तीन ठिकाणी मशीन नसेल तर काम खरोखर अपुरं राहतं.

मांडीची मागची बाजू. हॅमस्ट्रिंगचे तीन भाग खुब्याचा आणि गुडघ्याचा असे दोन्ही सांधे ओलांडतात. बायसेप्स फेमोरिसचा आखूड भाग मात्र फक्त गुडघाच ओलांडतो. रोमानियन डेडलिफ्टमध्ये गुडघा जवळजवळ हलत नाही, म्हणून या भागाला ताण मिळत नाही. त्याला गुडघा वाकवणारा व्यायामच लागतो, म्हणजे लेग कर्ल. जिममध्ये बसून करायचं आणि पालथं झोपून करायचं अशी दोन्ही मशीन असतील तर बसायचं निवडा. बसल्यावर खुबा वाकलेला असल्याने उरलेले तीन भाग जास्त ताणले जातात आणि एकूण वाढ जास्त होते.

मांडीची पुढची बाजू. स्क्वॉटने मांडीचे तीन स्नायू छान वाढतात, पण मधोमध वरून येणारा रेक्टस फेमोरिस मागे राहतो, कारण तो खुब्याचा सांधाही ओलांडतो. खाली बसताना एका टोकाला लांबतो, दुसऱ्या टोकाला आखडतो. त्याला लेग एक्स्टेन्शन लागतं, तेही पाठीची गादी थोडी मागे नेऊन. "लेग एक्स्टेन्शनने गुडघे जातात" म्हणून ते टाळणारे पुष्कळ आहेत. निरोगी गुडघ्याला त्याने काही होत नाही. झटक्याने वजन फेकलं किंवा गुडघा मशीनच्या आसाशी जुळला नाही तर मात्र दुखतं.

पोटरी. गुडघा सरळ ठेवून टाच उचलायचं मशीन, नाहीतर लेग प्रेसवर चवडे टेकवून. बसून केलेल्या काफ रेजमध्ये वरची मोठी पोटरी सैल पडते आणि कमी वाढते. टाच पूर्ण खाली गेल्यावर दोन सेकंद थांबा. पोटऱ्या वाढत नाहीत अशी तक्रार करणारे बहुतेक जण खाली न थांबता उसळ्या मारत असतात आणि काम स्नायूऐवजी टाचेमागच्या जाड कंडरेकडून होतं.

सीट बसवायची कशी

मशीनवर बसल्यावर ते कुठल्या बिंदूभोवती फिरतं तो आस शोधा. बाजूला मोठा बोल्ट किंवा बेअरिंग दिसतं. लेग एक्स्टेन्शन आणि लेग कर्लवर हा बिंदू गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यासमोर यायला हवा. खालची गादी घोट्याच्या थोडी वर, पावलावर नको. पाठ गादीला चिकटवून हँडल घट्ट धरा, नाहीतर वजन वाढलं की ढुंगण उचललं जातं आणि हालचालीचा अर्धा भाग चोरीला जातो.

चेस्ट प्रेसवर हँडल छातीच्या मध्यावर, कोपर खांद्यापेक्षा किंचित खाली, धडाशी साधारण ४५ ते ६० अंशांवर. खांद्याची पाती मागे आणि खाली ओढून ठेवा. पायाशी पेडल असेल तर पहिली ढकल त्याच्या मदतीने द्या, नाहीतर हात मागे ताणलेले असताना शून्यातून वजन उचलावं लागतं आणि तिथेच खांदा दुखावतो.

लॅट पुलडाउनला मांडीवरची गादी घट्ट असू द्या. सैल असली तर जड वजनाला शरीरच वर उचललं जातं. धड थोडं मागे रेललेलं, बार कॉलरबोनपर्यंत, आणि वर जाताना हात पूर्ण सरळ होईपर्यंत जाऊ द्या. मानेच्या मागे ओढण्याने पाठीला जास्तीचं काही मिळत नाही आणि खांदे मात्र अवघड कोनात जातात.

लेग प्रेसवर पावलं वर ठेवली तर नितंबांकडे भार जातो, खाली ठेवली तर मांडीच्या पुढच्या बाजूकडे. टाच उचलली जाईल इतकी खाली ठेवू नका. गाडी तिथवरच उतरवा जिथवर शेपटाचं हाड गादीवर टेकलेलं राहतं. आणि वर आल्यावर गुडघा खाडकन लॉक करायचा नाही.

बसण्याचा नंबर, पाठीचा नंबर, वजन निवडायच्या पिनचा नंबर वहीत किंवा फोनमध्ये लिहा. सीट दर वेळी वेगळी असली की मागच्या आठवड्याशी तुलनाच होत नाही.

आकडे फसवतात

एका जिममधले ५० आणि दुसऱ्या जिममधले ५० ही वेगळी वजनं असतात. केबल क्रॉसओव्हरच्या काही मशीनमध्ये दोरी फिरत्या पुलीवरून जाते, म्हणून स्टॅकवर ४० लावलं तरी हाताला २० येतात. जुन्या मशीनमध्ये पुली कोरडी पडलेली असते. ओढताना घर्षणाने वजन जास्त लागतं आणि सोडताना तेच घर्षण वजन धरून ठेवतं, म्हणजे खाली येतानाचा अर्धा व्यायाम हलका होतो. ४५ अंशांच्या लेग प्रेसवर १०० किलो चढवले तर उतारामुळे पायावर त्यातले ७१च येतात, वर गाडीचं स्वतःचं वजन वेगळं. २०० किलो लेग प्रेस मारणारा १०० किलोच्या स्क्वॉटखाली का दबतो, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

रॉडचंही गृहीत धरू नका. ऑलिम्पिक रॉड पुरुषांचा २० किलो आणि महिलांचा १५ किलो, टोकं ५० मिलिमीटर जाडीची. लहान गावांतल्या आणि जुन्या व्यायामशाळांतल्या बारीक टोकांच्या रॉडचं वजन मात्र लांबीप्रमाणे बदलतं. वजनकाट्यावर रॉड धरून उभे राहा, मग रॉडशिवाय. फरक हेच त्याचं वजन. स्मिथ मशीनचा (उभ्या रुळांवर सरकणारा) बार तर बऱ्याच ठिकाणी मागे प्रतिवजन लावून हलका केलेला असतो, त्यामुळे स्मिथवरचा आकडा रॉडच्या आकड्याशेजारी लिहू नये.

स्मिथ मशीनला नावं ठेवायची पद्धत आहे. पण स्क्वॉटसाठी पाय थोडे पुढे ठेवून उभं राहिलं तर त्यावर तोलाची काळजी न करता मांडी पूर्ण दमवता येते. खालचे स्टॉपर लावायला विसरू नका, एवढंच.

एक आठवडा

सहा महिने-वर्षभर व्यायाम झालेल्या माणसासाठी चार दिवसांची ही मांडणी चालते. जड आणि तोल मागणारा फ्री वेटचा व्यायाम अंगात ताजेपणा असताना आधी, आणि स्नायू पूर्ण पिळून काढायचं काम मशीनवर नंतर.

सोमवार, वरचं अंग: बारबेल बेंच प्रेस ३ सेट, ६-८ रेप्स. छातीला टेकू असलेला मशीन रो ३ सेट, ८-१२. लॅट पुलडाउन ३ सेट, ८-१२. पेक डेक २ सेट, १०-१५. केबल लॅटरल ३ सेट, १२-१५. डोक्यामागून केबल ट्रायसेप्स २ सेट, डंबेल कर्ल २ सेट.

मंगळवार, पाय: स्क्वॉट ३ सेट, ५-८. बसून लेग कर्ल ३ सेट, ८-१२. लेग प्रेस २ सेट, १०-१५. लेग एक्स्टेन्शन २ सेट, १२-१५. उभं राहून काफ रेज ३ सेट.

गुरुवार, वरचं अंग: इन्क्लाइन (तिरक्या बाकावर) डंबेल प्रेस ३ सेट, ८-१२. पुलअप (सहा निघत नसतील तर पुलडाउन) ३ सेट. बसून केबल रो ३ सेट. मशीन शोल्डर प्रेस २ सेट. केबल लॅटरल ३ सेट. प्रीचर कर्ल (दंड उतरत्या गादीवर टेकवून) आणि ट्रायसेप्स पुशडाउन दोन-दोन सेट.

शुक्रवार, पाय: रोमानियन डेडलिफ्ट ३ सेट, ६-१०. हॅक स्क्वॉट (पाठ टेकवून करायचं बैठकीचं मशीन) किंवा स्मिथ स्क्वॉट ३ सेट, ८-१२. लेग कर्ल २, लेग एक्स्टेन्शन २, काफ ३.

आठवड्याला छातीचे ८, पाठीचे १२, मांडीच्या पुढच्या बाजूचे १२ आणि मागच्या बाजूचे ८ सेट झाले. एका स्नायूला आठवड्याला १० ते २० सेट असं साधारण सांगितलं जातं. कमी सेटपासून सुरुवात करून मागे पडणाऱ्या भागाला दोन-दोन सेट वाढवणं हे पहिल्या दिवशी वीस सेट मारण्यापेक्षा टिकाऊ ठरतं. फ्री वेटच्या जड सेटनंतर अडीच-तीन मिनिटं विश्रांती घ्या, एका सांध्याच्या मशीनवर दीड मिनिट पुरतं.

बेंच किंवा स्क्वॉटला ६० किलो मारायचे असतील तर आधी रिकाम्या रॉडने १० रेप्स, मग ४० किलोने ६, ५० ने ३, आणि मग ६०. त्याच दिवशी पुढे लेग कर्ल येतं तेव्हा एक हलका सेट पुरे.

संध्याकाळी सात वाजता रॅक मोकळा मिळत नाही हे गृहीत धरा आणि बदली आधीच ठरवून ठेवा. स्क्वॉटऐवजी हॅक स्क्वॉट, बेंचऐवजी डंबेल प्रेस किंवा मशीन प्रेस, रोमानियन डेडलिफ्टऐवजी डंबेल घेऊन तोच व्यायाम. बदली केलेल्या दिवसाचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा.

अगदी नव्या माणसाला इतकं लागत नाही. पहिले सहा-आठ आठवडे तीन दिवस, दर वेळी पूर्ण अंग, प्रत्येक व्यायामाचे दोन सेट. मशीनवर पहिल्याच दिवशी मेहनत घेता येते आणि तेवढ्या काळात डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, हलक्या रॉडवर रोमानियन डेडलिफ्ट शिकून होतात. साठीच्या आसपासच्या माणसानेही इथूनच सुरुवात करावी, फक्त रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि लेग प्रेसवर श्वास रोखून जोर लावू नये. त्यांनी खुर्चीवरून उठबस आणि हातात डंबेल घेऊन चालणं सोडू नये, कारण घसरल्यावर सावरायला तोलच कामी येतो आणि मशीनच्या गादीवर बसून तो शिकता येत नाही.

वजन कधी वाढवायचं, कुठे थांबायचं

बेंचवर ५० किलोने तिन्ही सेटमध्ये ८ निघाल्या की पुढच्या वेळी साडेबावन्न. पहिल्या दिवशी ६-६-६ निघतील, ते ठीक आहे. मशीनवर पाच किलोची उडी मोठी असल्याने आधी रेप्स लांबवा: ८-१२ ठरवल्या असतील तर १५ पर्यंत जाऊन मग पिन खाली सरकवा. चुंबकाची छोटी वजनं मिळतात, ती स्टॅकला चिकटवता येतात. सुटी प्लेट मात्र स्टॅकवर ठेवू नका. ती घसरून गाइड रॉडच्या (विटा ज्यांवर सरकतात ते दांडे) मध्ये अडकते.

रॉडच्या स्क्वॉट आणि बेंचमध्ये एक-दोन रेप्स शिल्लक ठेवून थांबा. लेग कर्ल, पेक डेक, केबल यांच्यावर शेवटच्या सेटला पुढची रेप निघेनाशी होईपर्यंत जा. तिथे अडकलात तर विटा आवाज करत खाली बसतील, यापलीकडे काही होत नाही. मशीनचा हा गुण लोक वापरतच नाहीत. जड रॉडवर बेफाम जातात आणि मशीनवर फोन बघत हलके पंधरा मारतात. नेमकं उलट हवं.

"सपोर्ट"विषयी एक विनंती. सपोर्ट देणाऱ्याने रॉड अडेपर्यंत हात लावू नये. आपल्याकडे पहिल्या रेपपासून रॉडला बोटं लावून "तुझंच आहे, तुझंच आहे" चालतं. मग छातीने किती उचललं आणि मित्राच्या खांद्याने किती, हे कळायला मार्ग उरत नाही, आणि वहीतला आकडा खोटा होतो.

काय बिघडतं, आणि त्याआधी काय पाहायचं

एकट्याने बेंच मारत असाल तर रॅकच्या सेफ्टी पिना छाती फुगवल्यावर तिच्या किंचित खाली लावा. श्वास सोडून छाती सपाट केली की रॉड पिनांवर बसायला हवा. आधी रिकाम्या रॉडने तपासा. पिनाही नाहीत आणि माणूसही नाही, तर डंबेल किंवा मशीन घ्या. तरीही रॉडच मारावा लागला तर टोकांना क्लिप लावू नका, म्हणजे अडल्यावर एका बाजूला कलवून प्लेट पाडता येतील. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा. अंगठा मोकळा ठेवून पकडलेला रॉड हातातून निसटतो आणि छातीवर किंवा गळ्यावर येतो.

स्क्वॉटचा रॉड रॅकवर छातीच्या मध्याइतका असावा. चवड्यांवर उभं राहून काढावा लागत असेल तर परत ठेवताना, दमलेल्या पायांनी, तो हुकावर बसणार नाही. काढल्यावर दोन-तीन पावलं मागे, जास्त नाही.

प्लेट उतरवताना दोन्ही बाजूंनी आलटून पालटून काढा. एक बाजू पूर्ण रिकामी केली की दुसऱ्या बाजूच्या वजनाने रॉड उलटतो, आणि तो समोरच्याच्या तोंडाच्या उंचीला उडतो.

केबल मशीनवर बसण्याआधी दोरी हुकाशी आणि पुलीशी पाहा. प्लास्टिकचं आवरण फाटून आतल्या तारा दिसत असतील तर ते मशीन वापरू नका आणि व्यवस्थापकाला सांगा. लॅट पुलडाउनची तार तुटली तर बार सरळ डोक्यावर येतो. पिन पूर्ण आत गेली का, हे ओढून बघा. मूळ पिन हरवली म्हणून खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसलेला असतो, तो जड वजनावर सरकतो आणि स्टॅक मध्येच सुटतो. विटा अडखळत वर जात असतील तर गाइड रॉड पुसून सिलिकॉन स्प्रे मारायला हवा. साधं तेल लावलं की धूळ चिकटून आठवड्याभरात पुन्हा तेच.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत, खासकरून पावसाळ्यात, रॉडवर गंज चढतो आणि हात घामाने ओले असतात. खडू चालत असेल तर लावा, नाहीतर छोटा कोरडा पंचा जवळ ठेवा आणि प्रत्येक जड सेटआधी तळवे आणि रॉड दोन्ही पुसा. ओल्या हाताने रोमानियन डेडलिफ्टमध्ये मूठच आधी सुटते आणि मांडीचा सेट तिथेच संपतो.